मलेशियात नव्याने आलात? घरचा स्वयंपाक आणि बाहेरचं खाणं असं जमवा

क्वालालंपूर, पेटालिंग जाया किंवा सायबरजायात नोकरीनिमित्त येणारी मराठी कुटुंबं सुरुवातीला बहुधा दोन टोकांपैकी एक गाठतात. काही जण रोज डाव्या-उजव्या बाजूंसकट पूर्ण ताट वाढायचा हट्ट धरतात आणि गोड्या मसाल्याच्या पाकिटासाठी अर्धं शहर पालथं घालतात. बाकीचे ‘घर लागेपर्यंत’ म्हणून बाहेर खायला लागतात, आणि घर लागल्यावरही ते थांबत नाही. इथली स्थानिक कुटुंबं मात्र या दोन्हींच्या मधला रस्ता धरतात. भात घरच्या कुकरला लावायचा आणि सोबतचं कालवण, भाजी, तळलेला मासा कोपऱ्यावरच्या टपरीतून बांधून आणायचा. बाहेर खाणं ही इथे चैन नाही, रोजच्या जेवणाचाच तो एक भाग आहे. युनेस्कोने डिसेंबर 2024 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत मलेशियाची न्याहारीची संस्कृती घेतली. नासी लमाक (नारळाच्या दुधातला भात), रोटी चनाई (मैद्याची पोळी) आणि तेह तारिक (फेसाळ चहा) यांच्याभोवती सगळ्या वंशांची माणसं एकत्र बसतात, हा त्या वारशाचा गाभा. तेव्हा संकोच सोडा आणि खाली दिलेल्या क्रमाने सुरुवात करा.

पायरी 1: घर बघायला जाल तेव्हा आधी ओटा बघा

इथल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये दोन स्वयंपाकघरं असतात. ‘ड्राय किचन’ हे बैठकीला लागून असलेलं, दिसायला देखणं. तिथे चहा, टोस्ट वगैरे. ‘वेट किचन’ मागच्या बाजूला, दार लावता येणारं, बाहेर हवा जाणारं. फोडणी, तळण, मासे हे सगळं तिथे. दाखवणारा एजंट तुम्हाला पोहण्याचा तलाव दाखवील. तुम्ही वेट किचनची खिडकी उघडून बघा. एकच मोकळं स्वयंपाकघर असेल तर वरची चिमणी धूर खरोखर बाहेर सोडते की नुसती फिरवते, हे विचारून घ्या. मोहरी-हिंगाची फोडणी सोफ्याच्या कापडात आठवडाभर राहते.

एकटे आहात आणि फक्त खोली भाड्याने घेणार असाल तर जाहिरातीतले ‘लाइट कुकिंग ओन्ली’ हे शब्द गांभीर्याने घ्या. म्हणजे अंडी उकडा, नूडल्स करा. रोज भाजी-आमटी करणाऱ्याचं आणि अशा घरमालकाचं जमत नाही.

गॅस बहुतेक ठिकाणी सिलिंडरचाच. जवळच्या किराणा दुकानाला फोन केला की पोऱ्या आणून जोडून देतो. घरगुती गॅसवर सरकारी अनुदान आहे. द्वीपकल्पात, म्हणजे क्वालालंपूरच्या बाजूच्या मलेशियात, किलोला 1.90 रिंगिट, म्हणजे 14 किलोचा सिलिंडर 26.60 रिंगिट, वर पोचवण्याचे थोडे पैसे. रेग्युलेटर भारतातून आणू नका, इथला वेगळा असतो. काही नव्या इमारतींत गॅस चालतच नाही, फक्त विजेची शेगडी असते. मग सपाट बुडाची भांडी लागतील, आणि फुलके आचेवर फुगवायचं सुख विसरावं लागेल.

वीज 230-240 व्होल्ट, 50 हर्ट्झ, म्हणजे आपला मिक्सर नीट चालतो. फक्त प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा. कन्व्हर्टरच्या जंजाळात न पडता इथल्या वायरमनकडून प्लगच बदलून घ्या.

पायरी 2: बॅगेत थोडंच भरा

तूरडाळ, पोहे, रवा, हिंग, शेंगदाणे, कणीक, पापड, पनीर हे सगळं इथे मिळतं. वजन त्यात घालवू नका. मिळत नाही ते आपल्या बाजूचं खास: गोडा मसाला, मालवणी किंवा कांदा-लसूण मसाला, तिरफळ, आमसुलं, भाजणी, मेतकूट, ब्याडगी मिरची. पुरणयंत्र आणि मोदकाचा साचाही आणा. सोऱ्या आणायची गरज नाही. दिवाळीत इथे मुरुक्कूचा पूर येतो, त्याचे साचे तामिळ दुकानात टांगलेलेच असतात आणि चकतीही आपल्या चकलीला चालते.

ताजी फळं, रोपं, बियाणं, मांस आणू नका. विमानतळावर क्वारंटाइनची तपासणी होते आणि परवान्याशिवाय अशा वस्तू जप्त होतात. आणखी एक बारीक गोष्ट जोहोर बाहरूत राहणाऱ्यांसाठी, कारण तिथून सिंगापूर पुलापलीकडे आहे: खसखस सिंगापुरात बेकायदेशीर आहे. अनारशांचा डबा घेऊन पलीकडच्या मित्राकडे निघाल तर खसखस न लावलेले अनारसे न्या.

पायरी 3: तीन बाजार ओळखून घ्या

सगळं एका छताखाली मिळवायचा प्रयत्न केला की खर्च दुप्पट होतो. बाजार तीन आहेत आणि तिघांची कामं वेगळी.

पहिला तामिळ किराणा. क्वालालंपुरात ब्रिकफील्ड्स, केएल सेंट्रल स्टेशनाला लागून. तिथून मस्जिद इंडिया आणि लबूह आम्पांगचा भाग. आणि सगळ्यात मोठा पसारा हवा असेल तर क्लांगमधला तंकू क्लाना रस्ता. मलेशियातले भारतीय वंशाचे लोक बहुसंख्येने तामिळ, त्यामुळे पाकिटांवरची आणि दुकानदाराच्या तोंडची नावंही तामिळ. एवढी यादी फोनमध्ये लिहून ठेवा: तुवरम परुप्पू म्हणजे तूरडाळ, कडलै परुप्पू हरभराडाळ, पासी परुप्पू मूगडाळ, उळुंदू उडीद, अवल पोहे, रवै रवा, जव्वरिसी साबुदाणा, पेरुंगायम हिंग, वेल्लम गूळ, केळ्वरगू नाचणी. साबुदाणा घेताना भारतातून आलेलं पाकीट मागा. सुपरमार्केटमधला ‘सागू’ इथे नारळाच्या दुधातल्या गोडासाठी वापरतात. खिचडीसाठी त्याच्यावर विसंबू नका. शेवगा, गवार, तोंडली, आळूची पानंही याच दुकानांच्या दारात दिसतात. आळू विकतचंच घ्या. रस्त्याकडेला तसलीच दिसणारी पानं पुष्कळ उगवतात, त्यांतली बरीचशी घसा धरणारी असतात.

दुसरा ‘पासार’, म्हणजे भाजी-मासळीचा ओला बाजार. सकाळी लवकर जायचं, दहानंतर चांगला माल संपतो. क्वालालंपुरात चाओ किट, पुडू, तामान तुन डॉ. इस्माईल इथले बाजार मोठे. पण प्रत्येक वस्तीला आपला एक असतोच. कोकणातून आलेल्या माणसाला इथे घरी आल्यासारखं वाटेल. केळफूल ‘जांतुंग पिसांग’ नावाने, कोवळा फणस ‘नांगका मुडा’ नावाने चक्क कापून, साफ करून मिळतो. नीरफणसाला ‘सुकुन’ म्हणतात. त्याचे काप रवा लावून परता, मुलं बटाटा विसरतील. भेंडी म्हणजे ‘बेंडी’, वांगं ‘तरुंग’, कारलं ‘परिया’, दोडका ‘पतोला’, दुधी ‘लाबू आयर’, चवळीच्या लांब शेंगा ‘काचांग पांजांग’. ‘बायाम’ला इंग्रजीत पालक म्हणून विकतात, पण तो खरं तर माठ आहे. भाजी माठासारखीच करा, पालक पनीरला नेऊ नका. कोथिंबीर मागताना ‘दाऊन कतुम्बार’ म्हणा, नाहीतर तिच्यासारखंच दिसणारं ‘दाऊन सूप’ हातात पडेल आणि पोह्यांना सेलरीचा वास येईल. जिऱ्याचंही तसंच: ‘जिंतान पुतिह’ म्हणजे जिरं, ‘जिंतान मानिस’ म्हणजे बडीशेप.

पासारमधली सगळ्यात मोठी चैन म्हणजे नारळ. ‘कलापा पारुत’ मागितलं की यंत्रावर तुमच्यासमोर नारळ खवून देतात. मोदकांना किंवा वड्यांना पांढराशुभ्र चव हवा असेल तर ‘पुतिह’ म्हणा. तपकिरी साल काढलेला देतील. त्याच दिवशी वापरा किंवा लगेच फ्रीझरमध्ये टाका, या हवेत खवलेला नारळ संध्याकाळपर्यंत आंबतो.

तिसरा सुपरमार्केट: लोटस, इऑन, मायडिन, एकॉनसेव्ह, जाया ग्रोसर वगैरे. दूध, दही, अंडी, तेल, साबण इथून. टोमॅटो-कोबी-फ्लॉवरवर ‘कॅमरन हायलंड्स’ लिहिलेलं असेल तर थंड डोंगरी भागातला ताजा माल समजा. डुकराचं मांस वेगळ्या ‘नॉन-हलाल’ विभागात असतं आणि त्याचे पैसेही बहुधा तिथल्याच काउंटरवर द्यायचे असतात.

दमट हवेमुळे पीठ, रवा, डाळी यांत फार लवकर पोरकिडे होतात. मोठी पोती घेऊ नका; जे घ्याल ते हवाबंद डब्यात, कणीक जमल्यास फ्रिजमध्ये. उलट डोशाचं पीठ मात्र इथे पुण्याच्या डिसेंबरासारखं रुसत नाही. रात्री ओट्यावर ठेवलं तर सकाळी उतू गेलेलं सापडेल, तेव्हा मोठ्या भांड्यात ठेवा.

पायरी 4: मासळी

मासे खाणाऱ्यांनी ही पायरी सावकाश वाचावी, कारण इथे आपले जवळपास सगळे सोयरे भेटतात, फक्त नावं बदलून. बांगडा म्हणजे ‘इकान कम्बुंग’, सगळ्यात स्वस्त आणि रोजचा. सुरमई ‘तंगीरी’. पापलेट ‘बावाल पुतिह’, हलवा ‘बावाल हिताम’. कोळंबी ‘ऊदांग’, माकूल ‘सोतोंग’, खेकडा ‘कताम’, पाकट ‘पारी’. आणि रायगडकरांसाठी खास बातमी: ‘सियाकाप’ नावाने जो मासा प्रत्येक हॉटेलात लिंबू-मिरचीत वाफवून देतात, तो आपला जिताडा. इथे त्याची शेती होते, त्यामुळे त्याच्यासाठी पावसाळ्याची वाट बघावी लागत नाही.

मासेवाला साफ करून देतो. कालवणासाठी तुकडे हवे की तळायला अख्खा, एवढं हाताने दाखवलं तरी पुरतं. डोकं फेकू देऊ नका; इथे डोक्याच्या कालवणाला मान आहे आणि विक्रेता तुमच्याकडे आदराने बघेल.

आमसुलं संपली की पासारमध्ये ‘आसाम कपिंग’ शोधा. वाळवलेल्या आंबट फळाच्या या काळपट-तपकिरी चकत्या कोकमाच्याच कुळातल्या झाडाच्या. रंग येत नाही, आंबटपणा येतो, आणि तो कोकमापेक्षा तीव्र असतो. बांगड्याचं तिखलं त्यात छान होतं: चार बांगड्यांचे तुकडे मीठ-हळद लावून ठेवा. सात-आठ भिजवलेल्या सुक्या मिरच्या, चमचाभर धणे, मूठभर छोटे लाल कांदे आणि दोन मुठी ओला नारळ गंधासारखं वाटा. वाटण थोड्या पाण्यात सोडून दोन चकत्या आसाम कपिंग आणि सात-आठ ठेचलेली तिरफळं घाला. उकळी आली की मासे सोडा, वरून चमचाभर खोबरेल, आणि झाकण न ठेवता सात-आठ मिनिटं मंद आचेवर. चव घेऊन चकत्या लगेच काढा, नाहीतर उद्या कालवण तोंडात घालवणार नाही.

मटणाबद्दल एवढंच लक्षात ठेवा: ‘काम्बिंग’ म्हणजे बकरा किंवा मेंढी. नुसतं ‘दागिंग’ म्हटलं की बहुतेक वेळा गोमांस समजलं जातं. गावठी कोंबडी हवी तर ‘आयाम काम्पुंग’.

पायरी 5: मामाक

बाहेरच्या खाण्याची सुरुवात इथून करा. मामाक म्हणजे तामिळ मुस्लिम वंशाच्या लोकांनी चालवलेलं खानावळ-कट्टा असं मिश्रण. बरेच दिवसरात्र उघडे असतात. फुटबॉलच्या सामन्याला मोठा पडदा, एका टेबलावर कॉलेजची पोरं, दुसऱ्यावर आजी-आजोबांसकट अख्खं कुटुंब. 2019 पासून खाण्याच्या ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, त्यामुळे लहान मुलांना घेऊन उघड्यावरच्या टेबलांवरही निर्धास्त बसा.

रोटी चनाई मागवा. मैद्याचा गोळा हवेत फिरवून पातळ केलेली, तव्यावर कुरकुरीत भाजलेली ही पोळी साध्या ठिकाणी दीड-दोन रिंगिटला मिळते. ‘रोटी कोसोंग’ म्हणजे साधी, ‘रोटी तलुर’ अंड्याची, ‘रोटी बावांग’ कांद्याची, ‘रोटी तिसू’ म्हणजे मुलांसाठी शंकूसारखी उभी, साखर लावलेली. सोबत डाळ आणि करी येते. नुसती डाळ हवी असेल तर ‘दाल सहाजा’ असं स्पष्ट सांगा, कारण दुसरी वाटी माशाच्या किंवा कोंबडीच्या रश्श्याची असते. काही ठिकाणी न विचारताच तो रस्सा रोटीवर ओततात. मामाकमध्ये ‘तोसै’ म्हणजे डोसा आणि ‘चपाती’ही मिळते. चपाती आपल्या पोळीपेक्षा जाड, पण आजारी पडलेल्या दिवशी देवासारखी धावून येते.

चहाची भाषा शिकल्याशिवाय सुटका नाही. ‘तेह’ म्हणजे आटवलेलं गोड दूध घातलेला. ‘तेह तारिक’ तोच, उंचावरून ओतून फेस आणलेला. ‘तेह सी’ म्हणजे बिनसाखरेचं आटवलेलं दूध आणि वेगळी साखर. ‘तेह ओ’ बिनदुधाचा. शेवटी ‘आईस’ म्हटलं की बर्फ, ‘पानास’ म्हटलं की गरम. ‘कुरांग मानिस’ म्हणजे साखर कमी, ‘कोसोंग’ म्हणजे अजिबात नको. ‘कुरांग मानिस’ पाठच करा. इथली पेयं फार गोड असतात. आल्याच्या चहाची तल्लफ आली तर ‘तेह हालिया’. साधं पाणी ‘आयर कोसोंग’, कोमट पाणी ‘आयर सुआम’. त्याचेही थोडे सेन (रिंगिटचे सुटे पैसे) घेतात, भांडू नका.

वाढणाऱ्याला ‘बॉस’ किंवा ‘आन्ने’ म्हणा, मलय मोठ्या बाईला ‘काक’, मलय माणसाला ‘बांग’. चिनी दुकानदारांना सर्रास ‘अंकल’, ‘आंटी’. बिल मागताना हवेत लिहिल्यासारखं करून ‘किरा!’ म्हणायचं. टीप देण्याची पद्धत नाही.

पायरी 6: केळीचं पान, कोपीतिआम, नासी चाम्पुर

रविवारचं कौटुंबिक जेवण केळीच्या पानावर. ब्रिकफील्ड्स, बांगसार, पेटालिंग जाया इथे अशी अनेक जुनी ठिकाणं आहेत. भात, तीन भाज्या, पापड, सांबार, रसम, हवं तितकं वाढतात; तळलेला मासा, मटण, खेकडा हे वेगळे पैसे देऊन. पानावरचं मांडणं आपल्यासारखं काटेकोर नसतं. मीठ-लिंबू डावीकडे शोधत बसू नका. जेवण झाल्यावर पान आपल्या बाजूला घडी घाला. पलीकडे घडी घातली तर जेवण आवडलं नाही किंवा प्रसंग दुःखाचा आहे असा अर्थ घेतात.

कोपीतिआम ही चिनी चहा-कॉफीची दुकानं. यांचा हिशेब नवख्याला गोंधळात टाकतो. जागेचा मालक पेयं विकतो; आत जे वेगवेगळे स्टॉल दिसतात ते वेगवेगळ्या लोकांचे. प्रत्येक स्टॉलवर जाऊन ऑर्डर द्यायची, टेबलाचा नंबर सांगायचा आणि पदार्थ आला की त्याचे पैसे त्यालाच द्यायचे. पेय घेतलं नाही तर मालक कुरकुरतो. सकाळी काया टोस्ट मागवा: नारळाचं दूध, अंडी आणि साखर आटवून केलेला काया, त्यावर थंड लोण्याचा तुकडा. 

नासी चाम्पुर हा मलय प्रकार आणि त्याचंच चिनी भावंड ‘चाप फान’: भाताची ताटली घ्या, वीस-तीस पदार्थांतून हवं ते स्वतः वाढून घ्या, बाई ताटाकडे नजर टाकून किंमत सांगते. घरी नेण्यासाठी ‘बुंगकुस’ किंवा ‘तापाऊ’ म्हणा. कामाच्या दिवशी माझी शिफारस हीच आहे. घरी भात-वरण लावा आणि इथून फक्त दोन भाज्या व एक मासा आणा. साठवणीचा डबा सोबत नेला तर बहुतेक जण त्यातच भरून देतात.

आठवड्यातल्या ठरलेल्या एका संध्याकाळी वस्तीतला एखादा रस्ता बंद करून ‘पासार मालाम’, रात्रीचा बाजार, भरतो. कुठल्या वारी ते शेजाऱ्यांना विचारा. उसाचा रस, शेंगदाणे-मका भरलेलं कुरकुरीत ‘आपाम बालिक’, केळ्याची भजी ‘पिसांग गोरेंग’, आणि ‘पुतू मायाम’, म्हणजे तांदळाच्या शेवया, वर ओला नारळ आणि गूळ. शिरवळ्या खाल्लेल्या माणसाला वेगळं काही सांगायला नको. ‘ओंदे-ओंदे’ हे पिठाचे छोटे गोळे एका घासात तोंडात टाका, कारण आत ताडगुळाचा पाक असतो आणि तो शर्टावर उडतो. एप्रिल ते जूनच्या सुमारास पर्लिस राज्याचा ‘हारुमानिस’ आंबा येतो. हापूसशी तुलना करायला जाऊ नका, दोघांवरही अन्याय होतो. पण खाऊन बघा.

पायरी 7: शाकाहारी असाल तर

उपाशी राहणार नाही, पण ‘सायुर’, म्हणजे भाजी, एवढं म्हणून भागत नाही. इथल्या स्वयंपाकात मासळी दिसत नाही अशा जागी असते. ‘बलाचान’ ही आंबवलेल्या जवळ्यासारख्या कोळंबीची वडी बहुतेक साम्बालमध्ये, म्हणजे इथल्या मिरचीच्या ठेच्यात, असते. कांगकुंगची हिरवीगार भाजी दिसते, पण ती बलाचानमध्ये परतलेली. ‘इकान बिलिस’ हे सुके बारीक मासे नासी लमाकवर शेंगदाण्यांसोबत पसरलेले असतात. फळांच्या ‘रोजाक’च्या काळ्या सॉसमध्येही कोळंबी असते. चिनी कढईतल्या भाजीत ऑयस्टर सॉस किंवा चरबी असू शकते.

म्हणून दोन वाक्यं. ‘साया ताक माकान दागिंग, आयाम, इकान, ऊदांग’: मी मांस, कोंबडी, मासे, कोळंबी खात नाही. आणि प्रत्येक पदार्थाकडे बोट दाखवून ‘आदा ऊदांग ताक? आदा बलाचान ताक?’: यात कोळंबी आहे का, बलाचान आहे का? अंडं नको तर ‘ताक नाक तलुर’. मुलांसाठी तिखट नको तर ‘ताक पडास’.

विश्वासाची ठिकाणं दोन. तामिळ शाकाहारी हॉटेलं, पाटीवर ‘सैवम’ किंवा ‘प्युअर व्हेज’. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पुरट्टासी महिन्यात बरेच तामिळ हिंदू मांसाहार सोडतात, तेव्हा इतर ठिकाणीही शाकाहारी पदार्थ वाढतात. दुसरी चिनी बौद्ध शाकाहारी दुकानं. यांच्याकडे लोक फार उशिरा वळतात. तिथे सोयाबीन-मशरूमपासून केलेली ‘कोंबडी’ आणि ‘मासा’ दिसेल, दचकू नका. बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्या सासूबाई आणि जैन पाहुणे दोघांचीही सोय होते. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिथे गर्दी असते, लवकर पोचा. घरच्यासाठी ‘ताऊहू’ (टोफू) आणि आंबवलेल्या सोयाबीनची ‘तेम्पे’ वडी आणून ठेवा. तेम्पेचे काप तळून घेऊन कांदा-टोमॅटोच्या रश्श्यात सोडले की पनीरचा अर्धा खर्च वाचतो.

गोमांस किंवा पोर्क टाळायचं असेल तर ढोबळ नियम असा: मलय आणि मामाक दुकानांत पोर्क नसतं, गोमांस असू शकतं. चिनी स्टॉलवर उलट, पोर्क भरपूर, गोमांस कमी. तामिळ हिंदू हॉटेलांत सहसा दोन्ही नसतं.

पायरी 8: पैसे

जवळपास सगळीकडे ड्यूइटनाऊचा क्यूआर कोड चालतो. टच ’एन गो ई-वॉलेट पहिल्याच आठवड्यात सुरू करा. पासारला मात्र सुटे रिंगिट न्या. वातानुकूलित रेस्टॉरंटच्या मेनूत किमतीपुढे ‘प्लस प्लस’ असेल तर बिलात दहा टक्के सेवा आकार आणि सहा टक्के सेवा कर वाढतो.

पायरी 9: कुणाला जेवायला बोलवायचं, कुणाकडे जायचं

मलय सहकाऱ्याला घरी बोलवायचं असेल तर निमंत्रणातच सांगा की घरी डुकराचं मांस शिजत नाही, आणि काय शिजवणार आहात तेही सांगा. शुद्ध शाकाहारी बेत सगळ्यात सोपा. कोंबडी करायची तर जाकिम या सरकारी इस्लामी खात्याच्या हलाल चिन्हाची घ्या. कागदी पत्रावळ्या ठेवल्या तर काही पाहुण्यांना जास्त मोकळं वाटतं, त्यात कमीपणा मानू नका. एखादा चहा आणि फळांवर थांबला तरी आग्रह करू नका. आपला मराठी आग्रह इथे अडचणीत टाकतो. चिनी पाहुण्यांपैकी काही जण धार्मिक कारणाने गोमांस खात नाहीत, तामिळ शेजारी मंगळवारी-शुक्रवारी शाकाहारी असू शकतात. सगळ्यांच्या टेबलावर चालणारा बेत म्हणाल तर पावभाजी. तिखटाला इथे कुणी घाबरत नाही, पाव बेकरीत मऊ मिळतात, आणि उरलेली भाजी मंडळी डब्यातून मागून नेतात.

सणांना ‘रुमाह तरबुका’, म्हणजे उघडं घर, ठेवायची पद्धत आहे. हरी राया (ईद), दीपावली, चिनी नववर्ष, तिन्हींना ओळखीचे लोक येऊन जेवून जातात. चपला बाहेर, उजव्या हाताने खाणं, आणि एकाच दिवशी तीन-चार घरं असतील तर प्रत्येक ठिकाणी थोडंच. फळं किंवा बिस्किटांचा डबा न्या. मलय घरी दारू किंवा दारू घातलेला केक मुळीच नाही. मुलांना यजमानांकडून रायाला हिरव्या आणि चिनी नववर्षाला लाल पाकिटातून पैसे मिळतात. ते पाकीट समोर उघडायचं नाही, हे निघतानाच मुलांना बजावा. दिवाळीत तुम्ही दार उघडं ठेवलंत तर चकली लगेच ओळखली जाईल. चिवडा, करंज्या आणि अनारशांबद्दल मात्र प्रश्न विचारले जातील.

रमजानमध्ये दुपारी तीन-चारपासून वस्तीवस्तीत ‘बाजार रमादान’ भरतो. खाद्यपदार्थांची एवढी विविधता वर्षात पुन्हा दिसत नाही. दिवसा तुम्ही जेवायला हरकत नाही, पण उपवास करणाऱ्या सहकाऱ्यासमोर ऑफिसात डबा उघडू नका. सूर्यास्ताच्या वेळी रेस्टॉरंटं तुडुंब भरतात. आधी जागा राखून ठेवा किंवा अर्धा-पाऊण तास उशिरा जा.

शुक्रवारी दुपारी एक ते अडीचच्या सुमारास मलय दुकानं नमाजासाठी बंद असतात. चिनी नववर्षाच्या पहिल्या काही दिवसांत पासारमधले भाजी-मासळीचे निम्मे गाळे रिकामे दिसतात, आणि हरी रायाच्या आठवड्यात शहरातले लोक गावी जातात, तेव्हा नेहमीचा मलय जेवणाचा स्टॉलही बंद असतो. या दोन आठवड्यांसाठी मासे आणि खवलेला नारळ आधीच फ्रीझरमध्ये टाका. किराणा आणि दूध सुपरमार्केटमध्ये मिळत राहतं.